कन्सोलला वाहिलेली हळद

खंडेनवमीला मी गाडीची आणि मिक्सरची पूजा केली. त्याच उत्साहात लेकीच्या गेम कन्सोललाही मूठभर हळद-कुंकू वाहिलं, तेही नेमकं हवेच्या जाळीवर. दुसऱ्या दिवसापासून तो तापून बंद पडू लागला. लेक रडकुंडीला आली. शर्यतीच्या तिच्या चाळीस लेव्हल त्यात साठवलेल्या होत्या.

सांगलीतल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं. चष्मा कपाळावर चढवून त्यानं पंख्यावरची पिवळी पूड बोटावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"आवं, देवाच्या बी नाकात कुणी हळद घालत न्हाई!"

मी मान खाली घातली. तो मात्र बाळाचे कान पुसावेत तसं एकेक पातं ब्रशनं पुसत राहिला. मग कन्सोल टीव्हीला जोडून त्यानं पंख्याला कान लावला आणि खूश होऊन हसला.

"मारा की एक फेरी," मी म्हणालो. "लेकीच्या नावावरच खेळा."

"न्हाई. पोरीचं काय बिघडलं म्हंजी? आमी सगळीकडं पाहुणा म्हणूनच खेळतो."

त्यानं 'पाहुणा' असं नाव घातलं आणि प्रत्येक वळणाला स्वतःही खुर्चीत झुकत फेरी मारली.

घरी चाळीसच्या चाळीस लेव्हल शाबूत निघाल्या. पण सगळ्यांत वेगवान फेऱ्यांच्या यादीत लेकीच्याही वर 'पाहुणा' बसला होता.

"पप्पा, हा कोण?"

त्याचं नाव तर मी विचारलंच नव्हतं. 'मीच,' म्हणायचा लय मोह झाला; पण तिनं मला खेळताना पाहिलेलं आहे.