बिनवाऱ्याचा दिवस

लाम्पोन पाणबुड्या होता आणि मी त्याचा दोर धरणारा. आमच्या कालिम्नोस बेटावर माणसाची एवढी ओळख पुरते. कमरेला दोर बांधून, हातात जड दगड घेऊन आणि तोंडात तेलाचा घोट धरून तो समुद्रात उतरायचा. तळाशी तेल सोडलं की पाणी जरा उजळतं, मग विळ्याने स्पंज कापायचे. दोराला हिसका बसला की मी ओढायचो. जन्मभर आमचं बोलणं बहुतेक दोरातूनच झालं. त्यामुळे त्याच्याबद्दल मी लिहावं का, याची मला खात्री नाही. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

पाण्याची भीती त्याला ठाऊक नव्हती. त्याचा बाप असाच उतरला आणि वर आलाच नाही. दर वर्षी त्या दिवशी लाम्पोन खडकावर उभा राहून समुद्रात मध आणि दारू ओतायचा आणि बापाला घरच्या बातम्या ओरडून सांगायचा. शेळी व्याली, मेहुण्याने कुंपण सरकवलं, यंदा अंजिरं चांगली आली. बाप खाली ऐकतोय, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

एकदा आम्ही स्पंज विकायला ऱ्होड्सला गेलो. तिथे बाजाराच्या ओवरीत एक तत्त्वज्ञ लोकांना सांगत होता, मरणाला भिऊ नका. जीव हा श्वासासारखाच, फार बारीक कणांचा असतो. देह मोडला की तो धुरासारखा विरून जातो. मग सोसायला मागे उरतो कोण? पाताळ नाही आणि तिथली शिक्षाही नाही. लोकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही हलकं वाटलं. लाम्पोन मात्र पांढरा पडला होता.

परतताना तो होडीमागे उठणारे बुडबुडे पाहत बसला. मग म्हणाला, "त्या माणसाने श्वास जाताना कधी पाहिलाय का? मी रोज पाहतो. बुडबुडा निघतो, वर जातो, फुटतो. तिथे मागे काही नसतं."

मी त्याला पाताळाच्या वाटेवरच्या नदीची, मेलेल्यांना पलीकडे नेणाऱ्या नावाड्याची आठवण करून दिली. वाडवडील काय उगाच सांगत आले?

"नावाडी नेणार कुणाला, गड्या? मी उरलोच नाही तर?"

त्यानंतर तो पाण्याखाली तोंड उघडेना. तोंड उघडलं की जिवाचा एक तुकडा निसटतो, असं त्याच्या मनाने घेतलं. तेल घेणं त्याने सोडलं. तळाच्या अंधारात चाचपडत कापायचा आणि फाटके स्पंज घेऊन वर यायचा. बाकीच्या पाणबुड्यांना आयताच विषय मिळाला. कुणी म्हणे, "लाम्पोन, शिंकू नकोस बाबा, अर्धा जीव इथेच सांडेल." तो हसत नसे. वारा असला की घराबाहेरही पडत नसे. वाऱ्यात मेलो तर कण न् कण दाही दिशांना जाईल, पडलेल्या हवेत निदान एका जागी तरी राहीन, असं तो मला म्हणाला होता.

त्या वर्षी बापाच्या दिवशी तो खडकावर गेला, उभा राहिला आणि भरला बुधला तसाच घरी घेऊन आला. हे सांगायला त्याची बायको मिका रात्रीच माझ्याकडे धावत आली. नवऱ्याला समुद्रात सोडताना कधी भ्यायली नव्हती ती.

पुढे वय झालं, छाती भरली. गेल्या उन्हाळ्यात त्याने अंथरूण धरलं ते नेमकं उत्तरेच्या वाऱ्याच्या दिवसांत. हा वारा एकदा सुरू झाला की थांबत नाही, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. लाम्पोनला फक्त एक बिनवाऱ्याचा दिवस हवा होता. तो रोज विचारी आणि छप्पर खडखडत असताना आम्ही काय सांगणार?

शेवटी मी आणि मिकाने घरच बंद केलं. खिडकी, दाराच्या फटी, कौलांखालच्या भेगा, सगळीकडे स्पंज कोंबले. भर दुपारी दिवा लावून त्याच्या उशाशी ठेवला. तो त्या ज्योतीकडे टक लावून पाही. ती जराशी हलली की ओठ घट्ट मिटून घेई.

"अहो, तोंड उघडा, गुदमराल," मिका म्हणाली. त्याने मान हलवली.

बाहेर बायका जमल्या होत्या. लाम्पोनची बहीण दार ठोठावून म्हणाली, "माणूस जाताना दार लावून बसतात का कुठे?"

"माझ्या घरात काय करायचं ते मी बघेन, वन्सं," मिका आतून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ठोठावणं थांबलं.

मी एक राहिलेली भेग शोधून बुजवली. ज्योत सरळ झाली. लाम्पोनने ती पाहिली आणि मग त्याचं तोंड आपोआप उघडलं. एक लांब श्वास बाहेर आला. ज्योत आमच्या बाजूला किंचित झुकली आणि पुन्हा उभी राहिली.

मिका रडली नाही. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.

"भाऊजी," ती कुजबुजली, "ते अजून इथेच आहेत ना? या खोलीत?"

मी मान डोलावली.

"मग आपण श्वास घ्यायचा की नाही?"

मी केव्हाचा श्वास रोखून बसलो होतो, हे तेव्हा कळलं. मिकाने त्याच्या चेहऱ्यावर वाकून अगदी सावकाश श्वास आत ओढला, तोंडावर पदर दाबला आणि भिंतीला टेकून बसली. तिचे डोळे विस्फारले होते. दाराकडे बोट करून तिने मला हातानेच नको म्हटलं. बाहेर बहीण पुन्हा हाका मारू लागली.

मला कधीच फार वेळ श्वास धरता आला नाही. म्हणून तर मी होडीत असायचो. छाती जळू लागली, डोळ्यांपुढे काळं आलं, आणि त्या कोंडलेल्या, तेलकट हवेत शेवटी मलाही तो घ्यावाच लागला.