सुंदराची अर्धी कुंची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढा भाग गाळूनच बोलत आले — त्याला ठाऊक नसेल का? पण माणूस गाळतोच. आज तुमच्यापाशी बोलते आहे. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

गोष्ट तशी लहानशी. सुई आणि दोऱ्याची. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही कितीदा स्वतःला तसंच म्हणून पाहिलं.

माझं माहेर महाडचं. आमच्या शेजारी कचेरीतले एक कारकून राहत, त्यांची बायको पुण्याकडची. तिच्याकडून मी क्रोशा शिकले. टोकाला आकडा असलेली बारीक सुई, पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा — आणि बघता बघता त्यातून जाळी उतरत जायची. तेव्हा आमच्याकडे ते नवलच होतं. लग्न होऊन पोलादपूरच्या बाजूला सासरी आले ती सुई ट्रंकेत घालूनच. घर शेतकऱ्यांचं, भाताची जमीन, गोठा भरलेला. शेतीच्या कामात मी कच्ची. लावणीला उतरले की दुपारीच कंबर धरायची. पण माझी जाळी बघायला वाडीतल्या बाया यायच्या. सासूबाई समईखालचा रुमाल उचलून दाखवायच्या, "आमच्या थोरलीनं केलाय हां." लग्नाला वर्षं उलटत होती आणि कूस उजवत नव्हती. त्या घरात माझं म्हणण्यासारखं काही असेल तर तो रुमाल. हे मी सबब म्हणून सांगत नाही. होतं ते असं होतं.

मग धाकट्या भावजींचं लग्न झालं आणि सुंदरा आली. कापडे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. भावजी मुंबईला गिरणीत. हळद उतरली आणि ते परत गेले, सणावारापुरते यायचे; ती आमच्यात राहिली. मला आक्का म्हणायची. अजून कधी कधी दुपारी डोळा लागता लागता ती हाक ऐकू येते — पडवीच्या टोकाकडून, जरा लांबवलेली. तिच्यासोबतची ती पहिली दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती. हे खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी पडवीत बसायचो. अंगणात नाचणी वाळत घातलेली, कोंबड्या हाकायला हाताशी एक काठी. तिला कितीतरी गोष्टी येत होत्या. गोधडीचे टाके असे घालायची की उलटसुलट ओळखू येऊ नये. मला तिनं इरलं शाकारायला शिकवलं. मी पानं लावत गेले तसतशी ती शेजारी बसून बघत होती, आणि माझं चुकलं तशी चटकन म्हणाली, "आक्का, देठ वर आन् टोक खाली. नायतर सगळं पानी मानेवर यायचं गो." हसली, आणि माझी पानं काढून स्वतः पुन्हा मांडून दाखवली. त्या पावसाळ्यात मी माझ्या हातचं इरलं घेऊन शेतात गेले. अंग कोरडं राहिलं.

तिला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला. मलाही झाला — झाला होता ना? मी पुष्कळदा आठवून पाहते. झाला होता. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी होतं, ते मी उकरून पाहिलं नाही.

पाचवा महिना लागला असेल. ती माझ्याजवळ येऊन बसली. "आक्का, मलापण शिकवा की ते. बाळाची कुंची माझ्याच हातची पायजे मला." सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "शिकव की गो तिला. घरात दोघींना येऊ दे."

दोघींना. तो शब्द मला लागला.

तुम्हाला ते काम माहीत नसेल तर एवढंच सांगते. दोऱ्याचे खांब एकाशेजारी एक उभे करत ओळ पुरी करायची, मग काम उलटं करून परतायचं. पण परतण्याआधी तीन साखळ्या जास्तीच्या घालाव्या लागतात. त्या नव्या ओळीचा पहिला खांब होतात. त्या घातल्या नाहीत तर दर ओळीला काठाचा एक खांब कमी पडतो, आणि काम निमुळतं होत जातं. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट.

मी तिला साखळी शिकवली. खांब शिकवला. सुई कशी धरायची, दोरा बोटावर कसा घ्यायचा, सगळं शिकवलं. त्या तीन साखळ्या शिकवल्या नाहीत.

आणि नुसती गप्प राहिले असंही नाही. माझं काम बघून तिला कळलं असतं, म्हणून ओळीच्या टोकाशी आले की मी तिला उठवायची. "जरा चुलीवरचं बघून ये." "गोठ्यात वासरू का ओरडतंय गो?" पोटुशी बाई ती, हात टेकून उठायची, जायची. परत येईपर्यंत माझी सुई पुढच्या ओळीत गेलेली असायची.

तिची कुंची निमुळती होत गेली. तिनं उसवली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. दोरा मळून करडा पडला, पिंजारला. ती माझ्यासमोर धरायची — "कुठं चुकतंय ओ आक्का?" — आणि मी हातात घेऊन, उलटंपालटं करून म्हणायची, "चुकत काही नाही. तुझा हात आखडता आहे. असतं एकेकाचं."

तो शब्द घरात राहिला. सासूबाईंनी उचलला, शेजारणींनी उचलला. पंगतीला सुंदरा तूप वाढायला उठली की सासूबाई हसून म्हणत, "तू नको, तुझा हात आखडता हाय. थोरलीला वाढू दे." तीही हसायची. हळूहळू ती वाढायला उठेनाशी झाली.

बारशाला तिच्या लेकीच्या, कुसुमच्या डोक्यावर कुंची होती ती माझ्या हातची. पाच जणींनी हातात घेऊन पाहिली. सुंदराच सगळ्यांना सांगत होती, "आक्कांनी केली. माझ्या हातात नाय ते." तिची अर्धी कुंची माळ्यावरच्या टोपलीत गेली. माझं अर्धं तोरण, सासूबाईंची अर्धवट विणलेली नाडी, असलं सगळं त्या टोपलीत पडून असे.

पुढे भावजींनी तिला मुंबईला नेलं. वर्षं गेली. शिमग्याला ती सगळी आली तेव्हा कुसुम दहा-अकराची झाली होती, आणि शाळेत नुकतीच क्रोशा शिकली होती. टोपली तिनंच खाली काढली. मी पडवीत सुपारी कातरत होते, सुंदरा भिंतीला टेकून बसली होती. सासूबाई झोपाळ्यावर.

"आई, हे तुझं?" पोरगी काम उलगडून बघत म्हणाली. "अगं, टाके किती सारखे आहेत! फक्त तू वळताना तीन साखळ्या घातल्याच नाहीस. तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

सुंदरानं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. नुसतं पाहिलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते.

"सांगितलं होतं की," मी म्हणाले.

"असंल," सुंदरा म्हणाली. "माझ्याच ध्यानात राह्यलं नसंल. मी अशीच येडी."

पोरीनं तिच्या हातात सुई दिली. वळण दाखवलं. सुंदरानं निमुळतं झालेलं उसवून पुन्हा घालायला घेतलं, आणि उन्हं अंगणातून गोठ्याच्या भिंतीवर चढेपर्यंत मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी कुंची पुरी झाली, चौकोनी, सरळ काठांची. घालायला घरात तान्हं कुणी नव्हतं. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, थोरलीनं शिकवलेलं शेवटी कामी आलं." आणि सुंदरानं खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी तिला आशीर्वाद दिला.

त्यानंतर ती थांबली नाही. मुंबईहून कुणी गावाला आलं की त्याच्या हाती काहीबाही विणलेलं यायचं — टोपडं, तांब्यावरची जाळी, एकदा तर तुळशीच्या लग्नासाठी अंतरपाट. नक्षी अशी की माझ्याच्यानं झाली नसती. आणि निरोप ठरलेला: "आक्कांनी शिकवलेलं हाय." मी ते वाडीभर दाखवायची. निरोपही सांगायची.

सुंदरा गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं तिच्यावर प्रेम होतं. त्यानं काही फरक पडत नाही, मला माहीत आहे.

मी तिला शिकवलं नव्हतं. मला येत होतं, ती समोर बसून विचारत होती, आणि मी तिला चूल बघायला पाठवत होते.