राखून ठेवलेली चिपाडे

पुण्याहून पहाटेच्या एसटीत बसलो तेव्हा पिशवीत धोतरजोडी होती आणि मनात माफीची वाक्ये. सहा वर्षांपूर्वी मुरगूडकडच्या एका गुऱ्हाळावर याच रस्त्याने गेलो होतो. तेव्हा पिशवीत रिकामी पोती होती आणि बोलण्यात फार जोर होता.

कोल्हापूरला स्टँडसमोर मिसळ खाल्ली, कट (तिखट रस्सा) दोनदा मागितला आणि डोळे पुसत मुरगूडची गाडी धरली. शेजारच्या बाईंनी चौकशी केली. गुऱ्हाळाचे सांगताच त्या म्हणाल्या, "मग पावणं, फाटा मागंच ऱ्हायला की." उतरून मैलभर उलटा चाललो. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं होती. पुढे रस उकळल्याचा वास आला, मग पत्ता विचारावा लागला नाही.

तिथला गूळ काढतात मल्लाप्पा. अंगठ्याएवढा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळायची आणि काहील (मोठी कढई) उतरवायची वेळ ओळखायची, ही त्यांची विद्या. मधुमेह जडल्यापासून चाखणे मात्र बंद. मागच्या खेपेला मीच त्यांना सांगितले होते : तुम्ही जाळता ती उसाची चिपाडे सौम्य आम्लात उकळली की एक वेगळी साखर सुटते, आणि ते पाणी एका जातीच्या यीस्टने आंबवले की तुम्हाला चालेल असा गोड पदार्थ तयार होतो. दोन वर्षांत आणून देतो, असेही म्हणालो होतो.

त्यांनी ओळखले. पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. चुलव्या (भट्टीत जळण घालणारा) दगडू हसला. "आलासा व्हय मास्तर? ह्यो ढीग तुमची वाट बघून म्हातारा झाला. आप्पा हात लावू देत न्हाईत."

भिंतीशी ताडपत्रीखाली चिपाडे रचलेली होती. दर हंगामात पहिल्या दिवसाची माझ्यासाठी बाजूला काढायची आणि गेल्या सालची जाळायची, असे सहा हंगाम चालले होते.

मी खरे सांगितले. यीस्टने काम केले होते. एकदा चिमूटभर पांढरे स्फटिक हाती आले. ते मी परिषदेला नेले आणि कौतुक करणाऱ्यांनी जिभेवर ठेवून संपवले. मल्लाप्पांसाठी कणही राखला नाही. पुढे कॉलेजात विभागप्रमुख झालो. ते यीस्ट दर महिन्याला नव्या नळीत घालून जगवावे लागते. मी ते कपाटात विसरलो आणि ते वाळून मेले.

मल्लाप्पांची नजर काहिलीवर होती. तिथून न हलवता त्यांनी विचारले, "गोड हुतं?"

"हो. मी चाखले."

त्यांनी मान हलवली. "न्हाई जमलं तर न्हाई. येक कारड तर टाकायचं हुतं की, पावणं."

मागच्या खेपेला ते मला मास्तर म्हणत होते.

मग ते दगडूला म्हणाले, "घाल ती चिपाडं." वाऱ्यापावसापासून जपलेल्या त्या ढिगाने क्षणात पेट घेतला. धोतरजोडी त्यांनी घेतली, आणि निघताना माझ्या पिशवीत गुळाची लहान ढेप घातली.

कोल्हापूरच्या स्टँडवर एक कार्ड विकत घेतले आणि गुडघ्यावर ठेवून त्यांचा पत्ता लिहिला. मजकूर घरी जाऊन नीट लिहू म्हटले. गूळ घरात सगळ्यांना आवडला, आता संपतही आला. कार्डाची मागची बाजू मात्र अजून कोरीच आहे.