अकरा बाटल्यांचा पंचनामा

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरण्याचा मला अधिकारही नाही. देशात नवं आर्थिक धोरण आलं, त्या सुमारास मी केज तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो.

खबऱ्यानं सांगितलं, विज्ञानाचे एक शिक्षक शेतातल्या पत्र्याच्या खोलीत बॉम्बचं रसायन करतात. दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला. फळीवर नंबर टाकलेल्या अकरा बाटल्या होत्या.

गुरुजींनी काही लपवलं नाही. गॅसबत्तीची मेंटल बनवणाऱ्या कारखान्यातलं टाकाऊ ॲसिड ते आणत. त्यात थोरियम आणि सिरियम एकत्र असतं. घासलेटात एक रसायन घालून ॲसिडाबरोबर घुसळलं की थोरियम वर घासलेटात चढतं, सिरियम खाली ॲसिडात राहतं. असं पुन्हा पुन्हा करायचं. सिरियमची भुकटी चष्म्याच्या काचा घासायला लागते. त्यांना तिचा कारखाना काढायचा होता. थोरियम बाळगायला सरकारी परवाना लागतो, म्हणून ते वेगळं काढून सरकारजमा करणार होते.

मला त्यातलं काही कळलं नाही. अकरा बाटल्या म्हणजे अकरा सिलं, अकरा लेबलं, प्रत्येकावर सह्या. जमादार म्हणाला, "गुरुजी, तुमच्या बाटल्यांना लाख लावता लावता माझी पेन्शन येईल." हातभट्टीच्या छाप्यात करायचो तसं मी सगळं एका कॅनमध्ये ओतायला सांगितलं.

गुरुजींनी जमादाराचा हात धरला. "साहेब, एकात एक करू नका. दीड वरीस लागलंय. थोरियम मी येगळं काढलंतं, हे मंग दाखवू कशानं?"

मी त्यांच्या थोबाडीत मारली. पंचनाम्यात लिहून घेतलं, 'एका कॅनमध्ये रसायन मिळून आले.'

दोन दिवस चौकशी केली. खोटं बोलणाऱ्याचा तपशील दर वेळी थोडा हलतो. यांचा हलला नाही. शेवटी त्यांची वही घेऊन मी अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. वहीत बाटलीवार नोंदी होत्या, शेवटच्या पानावर सरकारला लिहायच्या पत्राचा कच्चा खर्डा. प्राध्यापक म्हणाले, "माणूस खरा आहे. बाटल्या आणा, आत्ता सिद्ध करून देतो."

मी वही उचलली आणि ठाण्याकडे निघालो.

बॉम्बचं कलम गळालं. पण प्रयोगशाळेच्या अहवालात कॅनभर थोरियम आलं, आणि विनापरवाना साठ्याचा खटला उभा राहिला. पंचनामा चुकीचा आहे, थोरियम वेगळ्या बाटल्यांत काढून ठेवलेलं होतं, एवढं मी सांगितलं असतं तर ते सुटले असते. खातेनिहाय चौकशीला मी भ्यालो. कोर्टात शपथेवर म्हणालो, माल कॅनमध्येच सापडला. गुरुजींना शिक्षा झाली, नोकरी गेली.

मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी कारण विचारलं. मी तब्येतीचं सांगितलं. आरोपीला बोलतं करणं अवघड असतं, असं मी नव्या पोरांना शिकवत असे. खरं बोलणाऱ्याचं ऐकून घेणं मला जास्त अवघड गेलं.

तो पंचनामा आता बदलता येत नाही. तरी इथे लिहितो: बाटल्या अकरा होत्या, वेगवेगळ्या होत्या. कॅन आमचा होता.