सेकंड लिस्ट

दहावीला मला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले आणि ठाण्याच्या ज्या कॉलेजात मला सायन्सला जायचं होतं, त्याची पहिली यादी पंच्याऐंशीला बंद झाली. एका टक्क्यासाठी मी चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. जेवायला बसले तरी पाय हलत असायचे. फरशी झिजवतेस का, म्हणून आई करवादायची.

पाचव्या दिवशी शेजारच्या घरी मैत्रिणीचा फोन आला. दुसऱ्या यादीत माझं नाव होतं. प्रवेश घ्यायला फक्त परवा दुपारी एकपर्यंतची मुदत होती. मी धावत घरी आले आणि जेवत असलेल्या बाबांना सांगितलं, सेकंड लिस्टला लागलं.

बाबांचा घास हातातच राहिला. ते पॉवरलूमच्या कारखान्यात तयार कापड तपासायचे. टेबलावरून कापड ओढत तुटलेला धागा, तेलाचा डाग शोधायचे. चांगला माल फ्रेश, खोट असलेला सेकंड. एकदा सेकंडचा शिक्का बसला की ते कापड पुन्हा फ्रेशमध्ये जात नसे. वीस वर्षं हेच काम करून त्यांना दुसरा सेकंड माहीतच नव्हता.

"सेकंडमधी न्हाय जायचं," ते म्हणाले. "आपली पोर काय डागी हाय?"

आई म्हणाली, तिला नीट विचारा तरी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काम एका वाक्याचं होतं. वर्ग तोच, बाकं तीच, जागा उरल्या म्हणून मागाहून बोलावलंय, बस. पण मला सगळ्यांचाच राग आला होता. कॉलेजचा, त्या एका टक्क्याचा आणि डागी म्हणणाऱ्या बाबांचाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तेच वाटत होतं. मी ताट सरकवून उठले.

दुसरा अख्खा दिवस मी तोंड फुगवून काढला. बाबा आपणहून विचारतील, मग सांगू, असा माझा हट्ट. दर तासाला मी घड्याळ बघत होते, पण तोंड उघडत नव्हते.

शेवटच्या दिवशी बाबा अकरा वाजताच ड्युटी सोडून घरी आले. कारखान्याच्या मास्तरांनी त्यांना समजावलं होतं की सेकंड म्हणजे नुसती दुसरी यादी. बाबांनी मला चप्पल घालायचीही फुरसत दिली नाही, ती हातात घेऊनच मी रिक्षात बसले. वाटेत कशेळीच्या पुलावर ट्रकांची ही रांग. बाबा सारखे खाली उतरून पुढे बघून येत होते, त्यांच्या अंगाला कारखान्यातल्या सुताचे तंतू तसेच चिकटलेले होते.

आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. क्लार्कने सांगितलं, तुमची जागा आता तिसऱ्या यादीत गेली.

"साहेब, चूक माझी हाय," बाबा हात जोडून म्हणाले. "मना अडाण्याला सेकंडचा अर्थ न्हाय कळला."

क्लार्क चांगला माणूस होता. त्याने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "पण बाळा, तुला तर माहीत असेल ना?"

"न्हाय साहेब," माझ्याआधी बाबा बोलले, "तिलाबी न्हाय ठाव."

क्लार्क अजून माझ्याकडेच बघत होता. मीही म्हटलं, नाही.