मोहाखालचं गाणं

माझ्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा पहिला श्रोता एक अस्वल होतं.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना गाणी लिहितो. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगावी नाटकं लागतात, आणि ती करणाऱ्या कंपन्यांची बिऱ्हाडं वडसा या गावात असतात. त्यातल्या एका कंपनीचे मालक गजूभाऊ. त्यांनी मला पुढच्या हंगामासाठी एक प्रसंग दिला होता. भाऊ गाव सोडून निघाला आहे. थांबला तर वैरी त्याला जिवंत ठेवणार नाहीत. बहीण त्याला निरोप देते.

"असं गानं दे," गजूभाऊ म्हणाले, "का रडून रडून बायांचा पदर डोयावरून हटला नाई पाहिजे. नाई जमलं तं सांग. तिथी मी डान्स टाकतो."

निरोपाच्या जागी डान्स! मला जेवण गोड लागेना. (शेवंता म्हणते, लागत होतं. शेवंता म्हणजे माझी बायको.) आयुष्यात एक तरी गाणं असं लिहावं, की लोकांनी रडत रडत घरी जावं, ही माझी जुनी हौस. मी 'थांब रे दादा' अशी सुरुवात करून गाणं लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. गजूभाऊ फोनवर ऐकायचे आणि म्हणायचे, "अबे, थांब थांब म्हणून राह्यली, तं तो जाईन कसा? आन् गेला नाई तं मरन ना." तर्क बिनतोड होता. पण सख्खी बहीण भावाला 'जा' म्हणेल कशी, हे काही केल्या सुचत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की दोष माझा नाही, घराचा आहे. गाण्याला शांतता लागते असं मी कुठंतरी ऐकलं होतं, आणि आमच्या घरात शेवंता राहते. ती चुलीशी बोलते, कोंबड्यांशी बोलते, आणि दुसरं कोणीच नसलं तर माझ्याशी. दिवस मोहाचे होते. पहाटे आम्ही दोघं जंगलाच्या कडेला, आमच्या वाटणीच्या झाडाखाली मोहफुलं वेचायला जायचो. गोडसर वास, टपटप पडणारी फुलं, अर्धवट उजाडलेलं. इथं नाही सुचणार तर कुठं?

"शेवंता," मी म्हटलं, "आज एक शब्द बोलू नको. गानं येऊन राह्यलं."

"अजी, मोहाखाली चूप राहत नसते."

आमच्याकडे ती रीतच आहे. मोह वेचताना बोलत राहायचं, हाका मारायच्या, डबा वाजवायचा. मोहफुलं अस्वलालाही फार आवडतात, तेव्हा आपण तिथं आहोत हे त्याला आधीच कळलेलं बरं. हे मला चड्डीत होतो तेव्हापासून ठाऊक. पण त्या दिवशी मी कवी होतो.

"थोडा वेळ," मी म्हटलं. "आन् डबा बी नको."

शेवंता चूप झाली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. मी बुंध्याला टेकून डोळे मिटले. काय शांतता होती! तेवढ्यात पलीकडून मचमच आवाज यायला लागला.

"इतके फुलं खाऊ नको, डोकं फिरन," मी डोळे न उघडता म्हटलं.

मचमच चालूच. वैतागून डोळे उघडले तर शेवंता माझ्या उजव्या हाताला, टोपली छातीशी घट्ट धरून उभी. मचमच डावीकडून येत होती.

मी झाडावर कसा चढलो ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या मागोमाग शेवंता चढली.

"अजी," ती कुजबुजली, "अस्वल झाडावर चढते. माईत हाये ना?"

"मंग आपून काऊन चढलो?"

"तुमी चढले म्हून मी चढली!"

अस्वल बुंध्याशी आलं आणि वर बघत बसलं.

"काहीतरी बोला ना आता," शेवंता म्हणाली. "जोरानं बोला. गाने लिवता ना तुमी?"

तोंडातून आवाज फुटेना. आणि मग फुटला तो एकदम सुरातच फुटला. भीतीत माणूस कुणालाही दादा म्हणतो.

'आल्या वाटेनं जा रे दादा,
मागं वळून पाहू नको,
माझी माया धरू नको,
इथं क्षणभर राहू नको...'

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्या कडव्याला अस्वल उठलं, आणि खरोखरच मागं वळून न पाहता निघून गेलं.

घरी येऊन मी ते जसंच्या तसं उतरवलं. एक अक्षर बदलावं लागलं नाही. बहिणीला काय वाटायला हवं ते मी इतके दिवस लिहीत होतो. पण 'जा' हा शब्द मनापासून म्हणायची पाळी माझ्यावर आली ती त्या फांदीवर. त्यानंतर मी शांततेच्या नादाला लागलो नाही.

थंडीत नाटक लागलं. निरोपाचा प्रसंग आला, हिरोईननं 'आल्या वाटेनं जा रे दादा' उचललं आणि मंडपभर पदर डोळ्यांना गेले. मलाही भरून आलं. शेजारी शेवंता तोंडात पदराचा बोळा कोंबून गदगदा हलत होती. पुढं बसलेल्या म्हातारीला ते बघवेना. तिनं वळून हिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नोको माय. तुयाही भाऊ दूर हाये का?"

"हाव बाई," शेवंता कशीबशी म्हणाली. "जंगलात राह्यते. मोहाच्या टायमाले येते."

नाटक त्या हंगामात गावोगाव गाजलं. परवा गजूभाऊंचा फोन आला. आवाजात साखर. "येत्या साली दुसरा भाग करतो. दादा परत येते. बहीण धावत सामोर जाते. गानं पाहिजे तसंच, कायजातून आलेलं. 'ये रे दादा, ये'."

शेवंतानं ऐकलं आणि तिचा चेहरा खुलला. "चाला ना मंग आपल्या मोहाखाली," ती म्हणाली. "मी नाई बोलत."

मी गजूभाऊंना कळवून टाकलं, "भाऊ, तिथी डान्स टाका."