कंपनीची माती

मोताळ्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात शालूबाई भांडखोर म्हणून प्रसिद्ध होती, आणि खोटं कशाला बोला, ती होतीच. शेजारणीची कोंबडी अंगणात आली तरी शेजारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण घरामागे फवारणीच्या औषधाची जी कंपनी बंद पडून कुजत होती, तिच्याबद्दल ही बाई वर्षानुवर्षं गप्प राहिली. अवघी गल्लीच गप्प होती. मालक पळाला, पत्रे चोरीला गेले, गंजलेल्या ड्रमांतलं औषध मातीत मुरलं. जमीन ओली झाली की वास घराघरात शिरायचा. लोक नाकाला पदर लावायचे आणि नशिबाला बोल लावून मोकळे व्हायचे.

शालूबाईचं तोंड उघडलं ते लेकीपायी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पूनम सातव्या महिन्यात आली, कंपनीमागच्या हापशीचं पाणी प्यायली आणि आठव्यात बाळ पोटातच गेलं. औषधानं गेलं की कशानं, हे डॉक्टरनं छातीठोकपणे सांगितलं नाही. पूनमच्या सासूनं मात्र सांगितलं. पूनमला पुन्हा दिवस गेले तेव्हा ही सासू, सोजराबाई, फोनवर म्हणाली, "ईनबाई, राग नका मानू. पण त्या वासात मी सुनेले धाडत नाही. अगोदर ते घाण काढा, मंग घेऊन जा."

आईला याहून मोठी चपराक कोणती? शालूबाई दोन दिवस जेवली नाही.

नेमकं तेव्हाच ग्रामपंचायतीनं त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं. वरून सिमेंट ओतायचं, खालची माती तशीच ठेवायची. शालूबाई उठली आणि बचत गटाच्या सिंधूताईच्या दारात गेली. दोघींचा अबोला होता.

"माह्याशी बोलू नको पायजे तं," ती म्हणाली, "पण उद्या कंपनीच्या फाटकात येऊन बस."

सिंधूताई आली, आणि तिच्यामागून सगळी गल्ली आली. बायांनी फाटकातच चुली मांडल्या, भाकरी तिथेच थापल्या. जेसीबी धूळ खात उभा राहिला. तालुक्याहून साहेब समजावायला आले, तर शालूबाईनं त्यांनाच विचारलं, "साहेब, उकिरड्यावर सतरंजी टाकली तं वास मरते का? पयले माती उचला, मंग काय बांधाचं ते बांधा. अन् दोन गाळे कमी करून तिथं लेकराईची अंगणवाडी काढा."

गाव करी ते राव न करी. गाळ्यांचा ठेकेदार नमला, अंगणवाडीही नकाशात आली. पुरुषभर खोल माती खणली गेली आणि ट्रॉल्या भरभरून वेशीबाहेर चालल्या. बायांनी एकमेकींना गूळ भरवला. शालूबाई त्या दिवशी घरात जाऊन खूप रडली, आनंदानंच.

मग लाडू बांधून, हिरवं लुगडं घेऊन ती लेकीला आणायला दोन कोसांवरच्या तिच्या सासरच्या खेड्यात गेली. आई येणार म्हणून पूनमनं अंगण झाडून नुकताच सडा टाकला होता. शालूबाईनं अंगणात पाय ठेवला आणि तिचा पदर आपसूक नाकाला गेला. तोच वास होता.

"पाहा ना माय, अंगण केवढं उंच झालं!" पूनम पोटावर हात ठेवून कौतुकानं सांगत होती. "यायनं दोन ट्रॉल्या भर आनली. आपल्याच गावची हाय. तलावाच्या गाळावानी फुकट वाटून राह्यले होते म्हणे. चोपली, सारवली मीच. गाळाचा वास येते जरासा, जाईन."

आपल्याकडे काळी माती कोणी फेकत नसतं. तलाव खणला की ज्याला हवा त्यानं गाळ न्यावा, शेतात पसरावा, अंगणात भरावा. यात विचारायचं काय? ठेकेदारानं तेच केलं, आणि माती जाते कुठे हे फाटकात बसलेल्या एकाही बाईनं विचारलं नव्हतं. शालूबाईनंही नाही.

"पूनम, उतर खाली," ती ओरडली. "हे कंपनीची माती हाय!"

सोजराबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं सुनेचा हात धरला आणि तिला ओढत रस्त्यावर नेलं. ती भांडली असती तर शालूबाईला बरं वाटलं असतं.

शालूबाईनं गोठ्यातलं फावडं घेतलं. सारवलेलं अंगण वेड्यासारखं उकरलं, घमेलं भरलं, डोक्यावर घेऊन रस्त्यावर आली. डाव्या हाताला कुणाचं तरी सोयाबीन उभं होतं. उजव्या हाताला नाला होता, त्यात म्हशी पाणी पीत होत्या. पुढे शाळा होती.

"माय," पूनमनं घाबऱ्या आवाजात विचारलं, "आता हे टाकशील कुठी?"

शालूबाई घमेलं दोन्ही हातांनी धरून तिथेच उभी राहिली.